बोटभर लांब कठडा

लहू शिंगेला वडीलधाऱ्या माणसाला प्रश्न विचारता येत नसे. बाकी त्याला सगळं यायचं. ओतलेल्या लोखंडात पोकळी राहिली असेल तर तो नुसती हातोडी वाजवून सांगायचा. जर्मन आयकर खात्याच्या लांबलचक पत्रांना न घाबरता उत्तरं लिहायचा. रविवारी नीलाच्या बरोबरीने भाकऱ्याही थापायचा. पण समोरचा माणूस वयाने मोठा असला की याच्या तोंडाला कुलूप. हे कुलूप तो कोल्हापूरहून निघताना बरोबर घेऊन आला होता, आणि २०१३ साली त्यापायी रशियातल्या एका पुलाचा कठडा आणि एका म्हाताऱ्या कारागिराचं नाव, दोन्ही जवळजवळ पाण्यात गेली.

लहू मूळचा फौंड्रीतला. वडील अप्पा, म्हणजे दत्तात्रय शिंगे, शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर होते. काळ्या वाळूचे साचे भरायचे. लहूने फौंड्रीचाच डिप्लोमा केला, पुण्यात नोकरी केली, जिद्दीने जर्मन शिकला आणि जर्मनीतल्या नेकारसुल्मजवळच्या एका कारखान्यात मोटारींचे इंजिन ब्लॉक ओतायला लागला. आता तुम्हीच सांगा, कुणाच्या नव्या गाडीचं कौतुक करताना आपण कधी "वा, ब्लॉक काय सुरेख ओतलाय" असं म्हणतो का? कुणी म्हणत नाही. लहूची बारा-तेरा वर्षं अशी बॉनेटखाली गेली. त्याची मुलगी यामिनी शाळेत वडिलांचा व्यवसाय सांगताना "तो लोखंडाचं काहीतरी करतो" एवढंच सांगायची, तेही जर्मनमध्ये. पुढे तो विभाग बंद पडला, तेव्हा लहूने नेकार नदीच्या काठावरच्या एका छोट्या, जुन्या फौंड्रीत नोकरी धरली. तिथे बागेतली बाकडी, दिव्यांचे खांब, जुन्या इमारतींचे जिने आणि कठडे, असलं नक्षीचं काम चाले.

"पगार कमी आहे, पण निदान बोट दाखवून सांगता तरी येईल, हे यांनी केलंय म्हणून," नीला म्हणाली. नीला हाइलब्रॉनच्या एका प्रयोगशाळेत काम करायची आणि घरातले बरेचसे निर्णय तिच्या अशा एका वाक्यात होऊन जायचे.

या फौंड्रीत हेर एबर्ले, म्हणजे एबर्लेसाहेब, होते. लाकडाचे पॅटर्न करणारे. जी वस्तू ओतायची तिची हुबेहूब लाकडी प्रतिकृती आधी करावी लागते. ती वाळूत दाबून साचा होतो आणि साच्यात लोखंडाचा रस ओततात. म्हणजे सगळ्याच्या मुळाशी हेर एबर्ल्यांचं लाकूड. गृहस्थ श्वाबेन प्रांताचे, त्यामुळे बोलणं मोजून मापून. दिवसभरात जेवढे शब्द बोलायचे त्यातले निम्मे लाकडाशी. नव्या माणसाला फौंड्रीत सगळे "अरे-तुरे" करतात आणि त्यानेही करावं अशी अपेक्षा असते. हेर एबर्ल्यांनी पहिल्याच आठवड्यात लहूला तसं सांगितलंही होतं. लहूने मान डोलावली आणि पुढची सगळी वर्षं त्यांना "तुम्ही"च म्हणत राहिला. जीभ वळेचना. लोक हसायचे. हेर एबर्ले हसायचे नाहीत.

आणखी एक गोष्ट लहूच्या मनात कोरलेली होती. तो नवीन असताना त्याचं प्रत्येक ड्रॉइंग कुणी ना कुणी पुन्हा मोजून बघायचं. मालकीणबाई फ्राउ हाग बघायच्या, भट्टीवरचा माणूस बघायचा, एकदा तर आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या हिशेबनिसानेही बघितलं. फक्त हेर एबर्ल्यांनी कधी बघितलं नाही. ड्रॉइंग घ्यायचे, भिंतीला लावायचे आणि कामाला लागायचे. लहूला वाटायचं, परक्या देशात याहून मोठा मान कुठला?

तर अशा ठिकाणी त्या साली पुलाचं काम आलं.

कोल्हापुरात जशी तालीम मंडळं, तशी जर्मनीत फेराइनं. चार माणसं जमली की फेराइन. वर्गणी आली, अध्यक्ष आला, भांडणंही आली. अशाच एका फेराइनने ठरवलं होतं की सेंट पीटर्सबर्ग या रशियन शहरातल्या एका छोट्या पुलाचा तुटलेला कठडा पुन्हा करून द्यायचा. हे शहर म्हणजे कालव्यांचं जाळं, आणि कालवे म्हटले की पूल. आपल्याकडे पूल म्हणजे पलीकडे जायची सोय. त्या लोकांनी पुलाला दागिने घातले. एका पुलावर सोन्याचे पंख असलेले सिंह बसलेत आणि पुलाच्या साखळ्या त्यांनी तोंडात धरल्यात. दुसऱ्या एका पुलाच्या चार कोपऱ्यांना चार उधळलेले घोडे आणि त्यांना आवरणारी माणसं. महायुद्धात जर्मन फौजेने या शहराला अडीच वर्षं वेढा घातला होता. लोक उपाशी मरत होते, भिंतीच्या कागदाची खळ उकळून पीत होते, आणि तशात त्यांनी ते चार घोडे उतरवून जवळच्या बागेत खड्डे खणून पुरून ठेवले. बॉम्ब पडून मोडू नयेत म्हणून. फ्राउ हागनी ही हकीकत सांगितली तेव्हा लहूच्या डोळ्यांत पाणी आलं. पोटात अन्न नसताना ब्राँझच्या घोड्यासाठी खड्डा खणायचा, हे त्याला फार मोठं वाटलं.

फौंड्रीकडे आलेला पूल मात्र धाकटा होता. त्याचं नाव लहूला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. कठड्याच्या प्रत्येक भागावर माशाचं शेपूट असलेला घोडा आणि भोवती शिंपले. त्यातले तीन भाग वेढ्याच्या काळात तोफगोळ्याने उडाले होते आणि तिथे पुढे साधा लोखंडी पाइप लावून वेळ भागवली होती. ते तीन भाग पुन्हा ओतायचे, आणि कालवा गोठायच्या आत फेराइनच्या मंडळींनी तिथे जाऊन बसवायचे, असं ठरलं.

फ्राउ हागनी आणखी एक जाहीर केलं. हेर एबर्ले उन्हाळ्यानंतर निवृत्त होणार. हे त्यांचं शेवटचं काम. जाहीर केलं नाही पण सगळ्यांनी ऐकलं ते असं, की त्यांची नजर आता पहिल्यासारखी राहिलेली नाही, बघू या हे तरी धड होतं का.

लहूने तिकडून आलेल्या मापांवरून ड्रॉइंग केलं. इतक्या मनापासून त्याने इंजिनचा ब्लॉकही कधी काढला नव्हता. आता इथे एक बारकी गोष्ट सांगायला हवी, कारण घोडं तिथेच पेंड खाणार आहे. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, शंभराला एक या हिशेबाने. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. मोटारीच्या कारखान्यात ही वाढ ड्रॉइंगमध्येच धरायची पद्धत होती, कारण पुढचं सगळं मशिन करी. लहूने सवयीने ती धरली. जुन्या फौंड्रीत मात्र ड्रॉइंग खऱ्या मापाचं येई आणि पॅटर्न करणारा आपली खास पट्टी काढी. ती पट्टी मुळातच शंभराला एक एवढी लांब आखलेली असते. पट्टी म्हणते एक मीटर, पण असतं थोडं जास्त.

या फौंड्रीत लहूने आधी केलेली कामं लहान होती, दिव्याच्या खांबांचे तुकडे, बाकाचे पाय. तिथे हा फरक केसाएवढा निघे आणि कानशीने जाई. इथे माणसाच्या उंचीएवढा लांब कठडा होता.

ड्रॉइंग देताना लहूच्या ओठांवर आलं होतं, "आकसण्याचं माप मी धरलंय, तुम्ही धरणार आहात का?" साधा प्रश्न. कुणा पोरानेही विचारला असता. पण समोर चाळीस वर्षं लाकूड तासलेला माणूस. त्याला आपण विचारायचं, तुम्ही कुठली पट्टी वापरता म्हणून? उद्या मी अप्पांना विचारेन, तुम्हाला वाळू चाळता येते का? छे. लहूने मूग गिळले. हेर एबर्ल्यांनी ड्रॉइंग घेतलं, बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, तेही काहीतरी बोलणार असं वाटलं, पण नुसते "हो, हो" म्हणाले आणि भिंतीला लावून मोकळे झाले.

पॅटर्न असा झाला की भट्टीवरची माणसं डबे घेऊन तो बघायला यायची. घोड्याच्या मानेवरची आयाळ वाऱ्याने उडतेय असं वाटे. पहिला भाग ओतला, वाळू झाडली आणि पुलाच्या मापाने केलेल्या लाकडी चौकटीत बसवायला चौघांनी उचलला. एक टोक गेलं. दुसरं जाईना. ठोकून बघितलं, फिरवून बघितलं. कठडा चौकटीपेक्षा बोटभर लांब होता.

बोटभर म्हणजे फार नव्हे, असं आपल्याला वाटेल. पण ओतीव लोखंड कापडासारखं दुमडता येत नाही, आणि कापावं तर घोड्याची शेपटी तरी जाणार नाहीतर शिंपला तरी. भोवती उभे राहिलेले सगळे आधी कठड्याकडे आणि मग हेर एबर्ल्यांच्या चष्म्याकडे बघायला लागले. खापर फोडायला डोकं आधीच ठरलेलं होतं.

हेर एबर्ल्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. पट्टी घेऊन पॅटर्न एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजला. ड्रॉइंगवरचा आकडा बरोबर येत होता. त्यांनी पुन्हा मोजला. मग पट्टी खाली ठेवली, कोट चढवला आणि भर दुपारी घरी निघून गेले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

लहूला तोवर कळून चुकलं होतं. ड्रॉइंगमध्ये एक टक्का, पट्टीत एक टक्का. पण एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं की तो थांबला नाही. तसाच फ्राउ हागच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "चूक माझी आहे. वाढ मी आधीच धरली होती आणि त्यांना सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?" फ्राउ हाग म्हणाल्या. त्या खरोखर चकित झाल्या होत्या.

"ते मोठे आहेत," लहू म्हणाला.

फ्राउ हागनी थोडा वेळ वाट बघितली, पुढे काही कारण येईल म्हणून. लहूचं कारण सांगून झालं होतं.

"आल्झो, तर मग," त्या शेवटी म्हणाल्या, "हे मला नाही, त्याला जाऊन सांग. तो उद्या येणार नाही असं मला वाटतंय."

घरी नीलाने सगळं ऐकून घेतलं. "अहो, विचारलं असतं तर काय त्यांनी खाल्लं असतं तुम्हाला?"

"तसं विचारणं बरं दिसत नाही गं."

"आणि आता जे दिसतंय ते बरं दिसतंय का?" नीला म्हणाली. "इतक्या लांब येऊन तुम्ही मान द्यायला शिकलात ते फक्त गप्प बसून. अप्पांशी तरी काय बोलता? दर रविवारी फोन करायचा आणि हवामान खात्यासारखं थंडी किती, ऊन किती."

यामिनी जेवता जेवता मध्येच म्हणाली, "वारुम?" का? या पोरीचा दिवसातला निम्मा वेळ या एका शब्दात जायचा. शिक्षकांना वारुम, डॉक्टरांना वारुम. लहूला नेहमी वाटायचं, हिला जरा वळण लावायला हवं. त्या संध्याकाळी तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेर एबर्ले खरंच आले नाहीत. लहू त्यांच्या घरी गेला. द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी छोटं घर. बायको काही वर्षांपूर्वी वारलेली. म्हातारबुवा मागच्या बागेत लाल करवंदासारखी फळं तोडत बसले होते. लहूने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, पाठ केल्यासारखं.

"चूक माझी आहे," हेर एबर्ले म्हणाले.

"नाही, माझी."

"ड्रॉइंग कुठल्या मापाचं आहे हे पॅटर्न करणाऱ्याने विचारायचं असतं. शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी हे शिकवतात. मी विचारलं नाही."

"पण मी सांगायला हवं होतं."

"मी विचारायला हवं होतं."

दोन शहाणीसुरती माणसं एकाच चुकीवर हक्क सांगत भांडत होती. शेजारची बाई कुंपणावरून डोकावून गेली. शेवटी हेर एबर्ल्यांनी फळांची टोपली लहूच्या हातात दिली आणि त्याला स्वयंपाकघरात नेलं.

"तू मला का नाही विचारलंस?" त्यांनी विचारलं. "मी म्हातारा झालो, वाईट वाटेल म्हणून?"

"म्हातारे म्हणून नाही. मोठे म्हणून. आमच्याकडे मोठ्यांचं काम तपासत नाहीत." आणि मग लहूने आयुष्यात प्रथमच एका वडीलधाऱ्या माणसाला उलट विचारलं. "तुम्ही मला का नाही विचारलंत?"

हेर एबर्ले फळांचे देठ काढत राहिले. "तू आलास तेव्हा सगळे तुझं ड्रॉइंग पुन्हा मोजायचे. मला ते आवडलं नाही. माणूस काळा-सावळा आहे म्हणून त्याचा मीटर वेगळा असतो का? तेव्हा मी ठरवलं, आपण याला कधी विचारायचं नाही. या वेळी विचारणार होतो. आकडे मला जरा विचित्र वाटले होते. पण म्हटलं, नको, त्याला वाईट वाटेल."

याने त्याचा मान राखला, त्याने याचा, आणि दोघांच्या मानापानात कठडा बोटभर लांब झाला. त्याला हसू आलं.

"मला त्या कठड्याचं जास्त लागलं," हेर एबर्ले पुढे म्हणाले, आणि हे त्यांनी फौंड्रीत कुणालाच सांगितलं नव्हतं. "माझे वडील तिथे होते. शहरात नाही, बाहेर. तोफखान्यात. परत आले, इथेच या खुर्चीवर वीस वर्षं जेवले. मी कधी विचारलं नाही. तुम्ही कशावर गोळे टाकत होता, तुम्हाला ते शहर दिसत होतं का, काही नाही. आईने लहानपणीच सांगून ठेवलं होतं, त्यांना विचारायचं नाही. गावात कुणाच्याच घरी विचारत नसत. मग ते वारले. आता तो घोडा त्यांच्या गोळ्याने फुटला की दुसऱ्या कुणाच्या, हे मला कोण सांगणार?"

'त्यांना विचारायचं नाही.' हे वाक्य लहूने जर्मनमध्ये ऐकलं, पण कानावर आला तो त्याच्या आईचा आवाज. तो दहावीत होता तेव्हाचा. अप्पा एक दिवस भर दुपारी फौंड्रीतून उठून आले ते पुन्हा कधी गेले नाहीत. हातात कला असलेला मोल्डर रस्त्याच्या कडेला सायकलींची पंक्चरं काढायला बसला. का, ते अप्पांनी सांगितलं नाही आणि आईने विचारू दिलं नाही. लहूने आपल्या मनाने उत्तर शोधलं होतं: कुणीतरी जातीवरून बोललं असणार. त्या एका उत्तरावर त्याने सगळं आयुष्य उभं केलं. ज्या फौंड्रीने अप्पांना घालवलं, तिच्यात आपण साहेब होऊन शिरायचं, हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं. त्याने हे सगळं हेर एबर्ल्यांना सांगितलं. मोडक्यातोडक्या वाक्यांत, कारण मराठीतसुद्धा हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, नीलालाही नाही.

"तुझे वडील आहेत?" हेर एबर्ल्यांनी विचारलं.

"आहेत. कोल्हापूरला, बहिणीकडे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हातारबुवा म्हणाले. "म्हणजे तू माझ्यापेक्षा बरा आहेस." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आले.

पॅटर्न पहिल्यापासून नवा झाला. आता फौंड्रीत एक नवीनच तमाशा सुरू झाला. रोज सकाळी हेर एबर्ले सगळ्यांदेखत ओरडून विचारायचे, "वाढ धरलीस?" आणि लहू ओरडून सांगायचा, "नाही! तुम्ही धरा!" भट्टीवरची माणसं पोट धरून हसायची. लहू लाजत लाजत का होईना, त्यांचं लाकूड पट्टीने मोजायला लागला. पहिल्या दिवशी तर त्याला देवळातल्या मूर्तीला टेप लावल्यासारखं वाटलं. हेर एबर्ले बाजूला उभे राहून खुशीत बघायचे. शेपटीच्या मागच्या बाजूची वाळू साच्यात टिकेना, पुन्हा पुन्हा तुटली, तेव्हा दोघांनी डोकी लावून तिथे वेगळा तुकडा बसवला. ऑगस्ट संपता संपता तिन्ही भाग तयार झाले. चौकटीत ठेवले आणि बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण फ्राउ हागनी सगळ्यांसाठी केक आणला, जर्मनीत याचा अर्थ साधारण तोच होतो.

फेराइनबरोबर जायला हेर एबर्ले तयार नव्हते. लहूने आता सवयीने विचारलं, "का नाही जात?"

"तिथे कुणी विचारलं, तुझे वडील युद्धात कुठे होते, तर काय सांगू?"

"सांगा, की याच शहराबाहेर होते. आणि मी त्यांना विचारलं नाही."

ते गेले. लहूने व्हिसासाठी अर्जच इतका उशिरा केला की तो राहिला. दुसऱ्याच्या मागे लागून कामं करून घेताना स्वतःचं विसरायची त्याची खोड जुनीच. ऑक्टोबरात त्याच्या फोनवर एक फोटो आला. राखाडी पाण्याचा कालवा, पिवळ्या भिंती, तो इवलासा पूल आणि कठड्यावरचा घोडा. खाली हेर एबर्ल्यांनी एकच शब्द लिहिला होता: "पास्ट." बसला.

परत आल्यावर लहूने विचारलं, "मग? विचारलं कुणी?"

"नाही," हेर एबर्ले म्हणाले. "मीच सांगितलं. एक म्हातारी बाई रोज यायची बघायला, हातात पिशवी. दुभाष्याला म्हटलं, सांग हिला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आता आलास ना." एवढं बोलून ते आपली हत्यारं पेटीत भरायला लागले. त्यांचा तो शेवटचा आठवडा होता.

त्या रविवारी लहूने नेहमीसारखा फोन लावला. त्याआधी फोटो बहिणीच्या, लताच्या, मोबाइलवर पाठवून दिला होता.

"जयभीम, अप्पा."

"जयभीम. थंडी काय म्हनतीया तिकडं?"

"आहे बऱ्यापैकी." आणि मग, धीर सुटायच्या आत, "अप्पा, एक विचारू?"

"इचार की."

"तुम्ही फौंड्री का सोडली?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कुणीतरी बंद केला. लहूला वाटलं फोन कट झाला. शेजारी नीला भाजी निवडायची थांबली होती.

"आज कसं सुचलं तुला?" अप्पा म्हणाले.

"असंच. विचारायचं राहिलं होतं."

"तू डबा घिऊन यायचास बघ. डबा ठिवायचास आन् सरळ वाळूत जाऊन बसायचास. लई नाद तुला. एक दिवस श्रीनाथ मिस्त्री म्हनला, दत्तू, पोराचा हात वाळूत बसलाय, धाव्वी झाली की आन त्याला, माझ्या हाताखाली घेतो. चांगल्या मनानं म्हनला त्यो. पन मी भ्यालो. म्हटलं, मी हितं हाय तवर ह्याची जागा बी हितंच ठरलेली. पोरगं शिकायचं न्हाई, काळं हून मरायचं. उठलो आन् घरी आलो."

लहूला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "मला वाटलं, तुम्हाला कुणीतरी बोललं. जातीवरनं."

"बोलायचे की. त्येच्यासाठी सोडायचं असतं तर पयल्या आठवड्यातच सोडलं असतं."

"मग मी फौंड्रीच्याच डिप्लोमाला गेलो तेव्हा का नाही बोललात?"

"तू पेढं घिऊन आलतास," अप्पा म्हणाले. "पेढं खाल्ल्यावर काय बोलायचं? रातच्याला तुझ्या आईला म्हटलं फकस्त, घे, गेलं परत वाळूत."

लहू हसायला लागला, आणि हसता हसता कधी रडायला लागला ते त्याला कळलं नाही. बापाने पोराला बाहेर काढायला फौंड्री सोडली, आणि पोराने बापासाठी फौंड्री धरली. मध्ये एक प्रश्न होता, तेवढा कुणी विचारला नाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं. नीलाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रडतूयास व्हय रं?" अप्पांचा आवाज आला. "रडू नगंस. वाईट कुटं झालंय. लतानं फोटू दावला मगाशी. घोडं लई झ्याक निघालंय. पर त्या शेपटीच्या पाठीमागची वाळू तुटली असंल न्हवं?"

लहूने नाक पुसलं. वीस वर्षांत अप्पांनी त्याच्या कामाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. "तीनदा तुटली, अप्पा."

"मग मला इचारायचं न्हाईस व्हय?"

"चुकलं, अप्पा," लहू म्हणाला.

"ती वाळू टिकवायला मलाबी जमलं नसतं म्हना," अप्पा म्हणाले. "पन इचारायचं."